घरचा भाव

आई, तुझा गंज अजून आहे. बुडाला काळा पडलाय, एका बाजूला पोचा आलाय, पण सकाळचं दूध त्यातच तापतं. घरात सगळे त्याला पातेलं म्हणतात. मी एकटी मनातल्या मनात गंज म्हणते. मोठ्याने म्हटलं तर कुणीतरी हसेल असं अजून वाटतं. नागपूरकडून पुण्यात येऊन तुला इतकी वर्षं झाली, तरी तू भांड्यांच्या दुकानात जाऊन "गंज दाखवा" म्हणायचीस. दुकानदाराला वाटायचं, लोखंडाला लागतो तो गंज. तो बुचकळ्यात पडून बघायचा आणि तू उलट त्याच्याकडे अशी बघायचीस, जणू भाषा त्याचीच कच्ची आहे.

आज लिहायला बसले ते ह्या गंजामुळे, आणि तुझ्या नातीमुळे. तू गेलीस तेव्हा ती शाळेत होती, आता हिंजवडीला नोकरी करते. मध्यंतरी तिच्या ऑफिसात कुणी बाई बाहेरून येऊन भाषण देऊन गेल्या. विषय होता पैशाशी निरोगी नातं. सगळ्यांना डोळे मिटायला लावले आणि विचारलं की पैसा ही एक व्यक्ती असती तर ती तुमच्याशी कशी वागली असती. जेवताना ती हे सांगत होती आणि मला तू दिसत होतीस. तू म्हणाली असतीस, त्या बाईंनी ह्या भाषणाचे किती घेतले तेवढं विचारून ये. मी तसं काही म्हटलं नाही. मग तिने मलाच विचारलं, "तुझं कसं आहे गं आई, पैशाशी?" मी म्हटलं, "चांगलंय की. तो त्याच्या घरी, मी माझ्या घरी." ती हसली, पण हसून झाल्यावरही माझ्याकडे बघत राहिली. ते बघणं मला आवडलं नाही. ते मला ओळखीचं वाटलं.

आपल्या घरात प्रत्येक वस्तूला दोन भाव होते. एक दुकानातला, एक घरचा. 'घरचा भाव' हा शब्द तुझाच. बाबांनी भोसरीहून येताना कॅसेट प्लेयर आणला, तेव्हा त्यांनी तुला घरचा भाव सांगितला. तू चप्पल घेतलीस तेव्हा तू त्यांना घरचा भाव सांगितलास. तुम्ही दोघंही एकमेकांना अर्धा आकडा सांगत होतात, दोघांनाही ते पक्कं माहीत होतं, आणि त्यात कुणाचंच काही बिघडत नव्हतं. मी लहान असताना मला वाटायचं सगळ्या घरांत असंच असतं, जसे घरचे कपडे आणि बाहेरचे कपडे वेगळे असतात. फरक एवढाच, की तू घरचा भाव घराबाहेरही वापरायचीस. शेजारी, ऑफिसात, बसमध्ये शेजारच्या बाईने पिशवीत डोकावून विचारलं तरी. मेथीची जुडीसुद्धा तू कधी खऱ्या भावाने कुणाला सांगितली नाहीस.

ती पर्स आठवते? मे महिन्याची सुट्टी होती आणि मला सांभाळायला घरी कुणी नसल्यामुळे तू मला ऑफिसात घेऊन जायचीस. मी तुझ्या टेबलाखाली बसून टाचण्या वेचते आहे. वर पंखा आहे, पण त्याचा वारा फक्त साहेबांच्या बाजूला जातो. जेवणाच्या सुट्टीत तुमच्या सगळ्यांचे डबे एका टेबलावर उघडतात, तुझा जरा कडेला. तुझ्या खुर्चीला नवी तपकिरी पर्स लटकवलेली आहे, तुळशीबागेतून आणलेली, एकशेवीस रुपयांची. मी तुझ्याबरोबर होते, पैसे देताना पाहिले होते. एका बाईंनी पर्स हातात घेऊन चेन उघडून बंद केली आणि विचारलं, "केवढ्याला घेतलीत हो?" तू चपातीचा तुकडा मोडत म्हणालीस, "साठ." त्यांनी पर्स परत एकदा उलटीसुलटी केली. मग आपल्या पाकिटातून पैसे काढून तुझ्या डब्याशेजारी ठेवले आणि म्हणाल्या, "साठच? मग मला दोन आणा. एक माझ्या नणंदेला."

तू ते पैसे उचललेस. तुझा चेहरा जरासुद्धा हलला नाही. ऑफिस सुटल्यावर आपण पुन्हा तुळशीबागेत गेलो, तू घासाघीस केलीस, दुकानदार एक पैसा सोडेना, आणि तू तुझ्याजवळचे तेवढेच आणखी घालून दोन पर्सेस घेतल्यास. स्वारगेटच्या बसला उभं असताना मी तुला विचारलं, की खरं का नाही सांगितलं. तू मला गप्प केलंस. मी परत विचारलं. तेव्हा तू खाली वाकून, कुणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणालीस, "एकशेवीस म्हटलं असतं तर त्या काय म्हणाल्या असत्या माहितीये? तुम्हाला परवडतं बाई." मी म्हटलं, मग परवडतं की. तर तू म्हणालीस, "तुम्हाला म्हणजे मला नाही. तुम्हाला म्हणजे आपल्या सगळ्यांना." मला तेव्हा काही कळलं नाही. कॉलेजात फी भरण्याच्या रांगेत माझ्या हातातला सवलतीचा फॉर्म बघून मागच्या मुलीने मला अगदी गोड आवाजात तेच वाक्य ऐकवलं, "तुम्हाला काय, परवडतं," तेव्हा कळलं. तुझ्या अंगावर काही चांगलं दिसलं की लोक आधी ते कुठून आलं हे बघत होते. तू ते न ऐकण्यासाठी पर्सची दुप्पट किंमत मोजलीस. बाबांना त्या दिवशीचा हिशेब काय सांगितलास ते मला माहीत नाही. घरचाच सांगितला असशील.

साडीचं मात्र मला वेगळं बोलायचंय. मला नोकरी लागली त्या वर्षी बुद्धपौर्णिमेसाठी मी तुला पांढरी साडी आणली. रेशमी, बारीक निळ्या काठांची. आपल्या विहारात बहुतेक जणी सुती किंवा त्या चुरचुरणाऱ्या सिंथेटिकमध्ये यायच्या आणि मला वाटायचं, एकदा तरी तू आत शिरलीस की बायकांनी मागे वळून बघावं. तू घडी उघडलीस. तुझं पहिलं वाक्य होतं, "काऊन वं, एवढा खर्च करून राहिली?" मी म्हटलं, "कुठे एवढा, चारशे." आज पहिल्यांदा तुला खरा भाव सांगते. चार हजार होती ती. तू पदर हातात धरून अंगठा दोनदा फिरवलास आणि म्हणालीस, "चारशेच्या मानाने बरी आहे." पौर्णिमेला नेसलीस. वंदना घेताना पहिल्या ओळीत बसलीस, नेहमी खांबाच्या मागे बसणारी तू. मग साडी कपाटात गेली.

पावसाळ्यानंतर मी एका रविवारी घरी आले तर ओट्यावर हा गंज. नवा कोरा, चांगला जाड बुडाचा. तू गंजावर हात ठेवून उभी होतीस. सांगितलंस की बोहारीण आली होती, तिला जुने कपडे दिले, बाबांच्या पँटी आणि ती पांढरी साडी, आणि हा घेतला. तू म्हणालीस, "चारशेची तर होती. त्यात एवढा मोठा गंज. फायदाच झाला." मी म्हटलं, "चांगला आहे." तू आणखी थोडा वेळ तशीच उभी राहिलीस. मग म्हणालीस, "दूध तापवते," आणि विषय संपला.

तेव्हापासून मला एक संशय आहे आणि तो मी कुणालाच सांगितलेला नाही. जिने आयुष्यभर दुसऱ्याच्या पदराला नुसती नजर लावून भाव ओळखला, तिला रेशीम कळलं नाही? अंगठा दोनदा फिरवून? कधी वाटतं, तू मला शिक्षा केलीस. कधी वाटतं, तुला खरंच कळलं नाही, आणि मीच तुला ती साडी त्या बोहारणीच्या टोपलीत टाकायला लावली. ह्या दोन्हींतलं कुठलं जास्त वाईट, ते मी अजून ठरवू शकलेले नाही.

तुझ्या स्वभावातलं बाकी काही माझ्यात आलं नाही, पण हा संशय पुरेपूर आला. भाजीवाल्याने कोथिंबीर वर टाकली की मी वजनकाट्याकडे बघते. मंडईत कुणी "ताई, तुमच्यासाठी म्हणून" म्हटलं की मी पुढच्या गाळ्यावर जाते. बँकेतला एक मुलगा मला फोन करून माझी चौकशी करतो, माझ्या तब्येतीचीसुद्धा, आणि मी त्याच्याशी अशी बोलते की बिचारा दोन मिनिटांत ठेवतो. सोसायटीतल्या भिशीत मी नाही. नवऱ्याने तर हात टेकलेत. मी कशाचीही किंमत सांगितली की तो वर्तमानपत्रातून डोकं न काढता विचारतो, "हा कुठला भाव?" त्याला वाटतं ही माझी गंमत आहे. कर्वेनगरमधला त्याचा सबंध गोतावळा किंमती मोठ्याने सांगतो, बिलं टेबलावर पडलेली असतात. लग्नानंतरचं पहिलं वर्ष मी ती बिलं उचलून ड्रॉवरमध्ये ठेवत होते. मला वाटायचं, ते विसरतायत.

आता तुझ्या नातीचं. माझ्या टाचा दुखतात, डॉक्टर म्हणाले चांगले बूट घाला. मी 'बघू' म्हणून सोडून दिलं. एका संध्याकाळी ती बूट घेऊन आली. खोकं नाही, नुसते पिशवीत. "घालून बघ. सेलमध्ये मिळाले, नऊशे." मी विचारलं, खोकं कुठाय. म्हणाली, फेकलं. आई, आपल्या घरात खोकं कुणी फेकत नाही. खोकं फेकलं म्हणजे खोक्यावर काहीतरी छापलेलं आहे. आणि 'नऊशे' म्हणायच्या आधी ती अगदी किंचित थांबली होती. तो थांबा माझा आहे. चारशे म्हणायच्या आधी मी तिथेच थांबले होते.

दुसऱ्या दिवशी ती अंघोळीला गेल्यावर मी बुटांचा फोटो काढून फोनवर शोधलं. आठ हजारांच्या आसपास. मला किमतीचा धक्का बसला नाही. मला भीती वाटली ती दुसऱ्याच गोष्टीची. मी शिकवते त्या कॉलेजातल्या एका मुलाने फोनवरच्या कुठल्याशा अ‍ॅपवरून कर्ज काढलं होतं, ते फेडायला दुसरं, ते फेडायला तिसरं. वसुलीवाल्यांनी त्याच्या फोनमधल्या प्रत्येकाला फोन केले, मलासुद्धा. त्याच्या आईला सगळ्यांत शेवटी कळलं. ती ऑफिसात माझ्यासमोर बसून सारखी एवढंच म्हणत होती की तो मला सगळं सांगतो हो. आणि इथे माझी मुलगी अनोळखी नंबरचे फोन कापते, गॅलरीत जाऊन बोलते, एकदा मी 'हप्ता' हा शब्द स्पष्ट ऐकला. मग मी काय केलं ते लिहायची लाज वाटते, पण तुला समजेल. तिच्या बॅगेचे कप्पे चाचपले. तिच्या जीन्स धुवायला टाकताना खिसे उलटे केले. सरळ विचारलं मात्र नाही. विचारलं असतं तर तिने काहीतरी सांगितलं असतं, आणि ते खरं आहे हे मी कशावरून मानलं असतं?

गेल्या रविवारी सकाळी मी गंजात दूध ठेवलं होतं. ती ओट्याला टेकून फोन बघत उभी होती. बूट दाराशी होते, एकदाही न घातलेले. आणि मी म्हणाले, "कामाच्या मावशींच्याही टाचा दुखतात. त्यांना देऊन टाकते ते बूट. नऊशेचे तर आहेत."

वाक्य तोंडातून निघालं आणि मला माझाच आवाज तुझा वाटला. 'चारशेची तर होती.' मी गंजाकडे बघतच नव्हते, मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. ती काय बोलते त्याची वाट बघत होते. तिने सांगावं म्हणून. त्या क्षणी मला तो दुसरा रविवार आठवला, तू गंजावर हात ठेवून थोडा वेळ तशीच उभी राहिली होतीस तो.

तुझी नात माझ्यासारखी नाही. ती फोनमधून मान वर न काढता म्हणाली, "दे की. मावशींना सहा नंबर होतो का बघ." मग थोड्या वेळाने, "आणि आई, पुढच्या वेळी फोटो काढशील तेव्हा लक्षात ठेव, तुझ्या फोनमधले फोटो घरातल्या टॅबवर येतात. एका बुटाचे सहा फोटो होते."

मी दाराशी पडलेल्या बुटांकडे बघितलं.

"सात हजार नऊशे," ती म्हणाली. "नऊशे खोटं नव्हतं. फक्त आधीचे सात हजार म्हणाले नाही."

मला हसू आलं आणि मी ते दाबलं. तिने मात्र फोन बाजूला ठेवला. म्हणाली, खरा भाव सांगितला असता तर बूट दिवाळीपर्यंत कपाटात गेले असते, जसा मिक्सर माळ्यावर आहे, जशी वाढदिवसाची शाल अजून पिशवीत आहे. मग म्हणाली, "आता विचार. माझ्या बॅगेचे कप्पे बघून झाले असतील तर."

मी विचारलं, "तुझ्यावर कर्ज आहे का?"

"आहे. लॅपटॉपचं. पाच हप्ते राहिलेत. एक अ‍ॅपवालं पण घेतलं होतं, मैत्रिणीच्या डिपॉझिटसाठी. व्याज बघितलं आणि रडले. फेडलं. ते लोक अजून फोन करतात, नवीन घ्या म्हणून."

"मला का नाही सांगितलंस?"

"कारण तुला काहीही सांगितलं तरी तू मनात दुप्पट करतेस. म्हणून मी आधीच अर्धं करते. आत्ता पण केलंस ना दुप्पट? दहा हप्ते झाले असतील."

झाले होते. पाच म्हणताक्षणी झाले होते. तेवढ्यात दूध उतू गेलं, दोघींनी एकदमच हात पुढे केला आणि दोघींचीही बोटं भाजली. ओटा पुसताना, माझ्याकडे पाठ करून, ती म्हणाली, "पाचच आहेत आई. तुला बँकेचा मेसेज दाखवू?" मी नको म्हटलं. नको म्हणायला मला किती जोर लावावा लागला ते तिला दिसलं नसावं. मेसेज बघायचा होता गं मला. अजूनही बघायचाय.

मग तिने विचारलं, "आणि तुझं?" मी विचारलं, माझं काय. "तुझे किती आहेत? बाबांना पण माहीत नाही, हो ना?" माझी एक ठेव आहे. पहिल्या नोकरीपासून, थोडी थोडी. कुणालाच माहीत नाही, कारण तूच म्हणायचीस, बाईने एक गोष्ट स्वतःची ठेवावी. मी ओट्याकडे बघत तिला आकडा सांगितला. खरा. दुकानातला. सांगताना मी तिच्या तोंडून एका शब्दाची वाट बघत होते, त्याच 'परवडतं'ची, आपल्याच घरात, माझ्याच पोटच्या मुलीकडून. ती बघतच राहिली. मग म्हणाली, "आणि तू स्वारगेटहून दुखऱ्या टाचेने बसला लटकत येतेस? रिक्षा कर की गं."

बूट मी आता घालते. नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही. त्यालाही सांगेन, बघू. पैशाशी माझं नातं निरोगी वगैरे झालंय असं मला वाटत नाही. रिक्षात बसले की मीटर पळवलेलं आहे का हे मी बघतेच. पण त्या रविवारपासून तुझ्याविषयीचा माझा संशय बदललाय. मला आता वाटतं, तुला पदर हातात घेतल्या घेतल्या कळलं होतं. आणि गंजाजवळ तू वाट बघत होतीस, मी तोंड उघडून म्हणावं म्हणून, की अगं आई, हे काय केलंस. तुला साडी परत नको होती. तुला एकदा, कुणाकडून तरी, खरा भाव ऐकायचा होता. मी म्हटलं, चांगला आहे. आणि तू दूध तापवायला घेतलंस.

किंवा तसं काहीच नसेल. जुना गंज गळत असेल आणि तुला नवा हवा असेल. तुला विचारता आलं असतं तरी तू मला अर्धंच सांगितलं असतंस.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीये. पत्ता नाही, तू नाहीस, म्हणून वाटलं होतं, निदान ह्यात तरी सगळं जसंच्या तसं लिहिता येईल. पण आत्ता परत वाचलं. वर साडीचा भाव मी चार हजार लिहिलाय. साडेसहा हजारांची होती आई. माझा सबंध पहिला पगार.